साळवे साहेबांची फुटायची खोली

साळवे साहेबांना एखाद्याचं यंत्र नामंजूर करायचं असलं की ते आधी तोंडात आवळासुपारी टाकायचे. एखाददुसरा तुकडा नव्हे, चांगली मूठभर. गाल फुगायचे, डोळे बारीक व्हायचे, आणि मग समोरचा माणूस काहीही विचारो, साहेबांकडून ‘हूं’ आणि ‘हंहं’ याच्यापलीकडे काही निघायचं नाही. माणूस कागद घेऊन गेला की ते खिडकीशी उभे राहून पाच-सात मिनिटं ती सुपारी चघळत राहायचे. त्यांच्या टेबलाच्या खणात शिक्का, शाईचा पॅड आणि आवळासुपारीची बरणी एवढंच असायचं.

आमचं ऑफिस चिंचवडातलं. कारखान्यांतली वाफेची यंत्रं तपासून त्यांच्यावर शिक्का मारणारं सरकारी खातं. शिक्का नसला तर यंत्र चालवायचं नाही, असा कायदा. साळवे साहेब तपासनीस आणि मी समोरच्या आवक-जावकच्या टेबलावर. आलेल्या कागदाला आवक क्रमांक द्यायचा, गेलेल्याला जावक क्रमांक द्यायचा, हे माझं काम. चौदा वर्षं मी त्यांच्यासमोर बसले. माझा स्वभाव तोडून बोलायचा, घरी आणि ऑफिसात सारखाच, त्यामुळे सुपारीची ही तऱ्हा मला पहिल्या महिन्यातच डोक्यात गेली होती. लोक लांबून येतात, चाकणहून दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून येतात, आणि हा माणूस त्यांच्या तोंडावर सुपारी चघळतो!

प्रामाणिक मात्र इतके, की तो प्रामाणिकपणाही कधीकधी अंगावर यायचा. तपासणीला जाताना चहाचा थर्मास आणि प्यायच्या पाण्याची बाटली स्वतःची न्यायचे. कुणी म्हणालं, “साहेब, निदान पाणी तरी घ्या,” की उत्तर ठरलेलं, “वाफेपुढं वशिला चालत नाही.” पाण्याचा आणि वशिल्याचा काय संबंध, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. एका कारखानदारानं त्यांच्या सांगवीच्या घरी आंब्याची पेटी पाठवली. साहेब रजेवर होते. भर उन्हात पेटी स्कूटरला बांधून ते चाकणला परत द्यायला निघाले. वाटेत एक आंबा दबला. तर नाशिक फाट्यावर उतरून त्याच जातीचा, त्याच आकाराचा आंबा मिळेपर्यंत तीन हातगाड्या पालथ्या घातल्या, तो पेटीत ठेवला आणि मग पेटी पोचवली. दबलेला आंबा काय केलात, असं मी विचारलं तर म्हणाले, “गाईला घातला. खाल्ला असता तर पेटी घेतल्यासारखंच झालं असतं ना, मोरेताई.”

आम्ही रावेतला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला त्यांना आणि वहिनींना बोलावलं होतं. सत्यनारायणाची कथा चालू होती. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि साहेब प्रसादाची वाटी खाली ठेवून ताडकन उठले. माझ्या सासूबाई ओट्याशी होत्या. त्यांना म्हणाले, “जरा बाजूला व्हा, आजी.” कान देऊन दुसरी शिट्टी ऐकली, गॅस बंद केला, कुकर गार होईपर्यंत तिथंच उभे राहिले. मग खिशातनं छोटी हातोडी काढून त्याच्यावर तीन ठिकाणी टिचक्या मारल्या. हातोडी खिशात घेऊन पूजेला येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. सासूबाईंनी विचारलं, “कसाय हो?” साहेबांचा हात लगेच दुसऱ्या खिशात गेला. आवळासुपारी! आम्ही त्याच संध्याकाळी कुकर बदलला. वहिनी मला हळूच म्हणाल्या, “आमच्याकडं तर मी भात पातेल्यातच करते. ह्यांना शिट्टी झाली की जेवण जात नाही.”

पुढं आमच्या ऑफिसात मनीषा पाचपुते नावाची एक बाई यायला लागली. मूळची परभणीकडची. नवरा कंपनीत कामाला, आणि हिनं चाकणच्या पुढं पत्र्याच्या शेडमध्ये छोटं वर्कशॉप टाकलेलं. शेजारच्या शेडमध्ये लोखंड कडक करायची भट्टी होती. त्या भट्टीची धग धुराड्यातून नुसती आभाळात जायची. मनीषानं ती धग वळवून पाण्याची वाफ करायचं यंत्र बनवलं होतं. त्या वाफेवर आसपासच्या शेडमधल्या दोनशे कामगारांचा भात, डाळ शिजवायची, एक सिलेंडर न जाळता. शेडवाल्यांनी तिला कॅन्टीनचं काम द्यायचं कबूल केलं होतं, फक्त शिक्का आण म्हणाले होते.

साहेबांनी ते तीनदा नामंजूर केलं. नामंजुरीच्या पत्रावर फक्त ‘सुरक्षिततेच्या दृष्टीने अयोग्य’ एवढंच असायचं. तिसऱ्या वेळी ती बाई टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

“साहेब, काहून नाही होत ते तर सांगा. मी सगळं उकलून पुन्हा करते. पण नेमकं काय चुकलं ते तर कळू द्या!”

“हूं,” साहेब म्हणाले. गाल तट्ट फुगलेले.

“आवो, हूं काय हूं! माणसाशी बोलून ऱ्हायले का म्हशीशी?”

तिनं पदरानं डोळे पुसले, फाइल काखेत मारली आणि गेली. माझ्यानं मग राहवलं नाही. मी उठून साहेबांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, “साहेब, तुमच्या जागी दगड बसवला असता तरी चाललं असतं. त्याला निदान पगार लागला नसता.”

एवढं बोलल्यावर माझी मलाच भीती वाटली. साहेबांनी कागदात सुपारी थुंकली, कागदाची पुडी केली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

“मोरेताई, तिचं यंत्र एका वळणात अडलंय. जादा वाफ सोडणाऱ्या झडपेच्या तोंडाला पाइप लावलाय, तो वाकवलाय, आणि वळणाला पाणी निघायला भोक नाही. पाणी साचणार आणि झडप वेळेला उघडणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे. एक भोक.”

“मग सांगा ना तिला!”

“तपासणाऱ्यानं दुरुस्ती सांगायची नाही, असा नियम आहे. आज मी फुकट सांगितलं, की उद्या दुसरा कुणी सांगायचे पैसे मागतो. म्हणून सांगायचंच नाही. हो किंवा नाही, बस.” मग खणातल्या बरणीकडे बोट दाखवून म्हणाले, “दिसतं हो सगळं. जिभेवर येतं. म्हणून तर तोंडात काहीतरी ठेवतो.”

चौदा वर्षं मी ज्याला माज समजत होते तो हा प्रकार होता. मी जागेवर येऊन बसले आणि त्या दिवशी एकाही कागदाला धड क्रमांक टाकला नाही.

त्यानंतर दिवाळी झाल्यावर ते परिपत्रक आलं. सरकारनं एक निधी काढला होता, आणि तो कारखानदारांना नव्हे, आमच्यासारख्या तपासणाऱ्या खात्यांना द्यायचा होता. ‘नियामक यंत्रणांनी केवळ नियंत्रण न ठेवता नवोन्मेषास साहाय्यभूत व्हावे व उद्योगांची स्पर्धाक्षमता वृद्धिंगत करावी.’ निधी एकतीस मार्चच्या आत खर्च करायचा, नाहीतर परत. मोठ्या साहेबांनी मीटिंग घेतली. कुणी म्हणालं लॅपटॉप घेऊ. कुणी म्हणालं हिंजवडीला हॉटेलात चर्चासत्र ठेवू, पाहुण्यांना बॅगा देऊ. मोठ्या साहेबांच्या मनात प्रवेशद्वारावर ‘नवोन्मेष’ असं स्टीलच्या अक्षरांत लावायचं होतं.

साळवे साहेब मीटिंगमध्ये काही बोलले नाहीत. संध्याकाळी परिपत्रक घेऊन माझ्याकडे आले. “मोरेताई, कलम सात मोठ्यानं वाचा.”

मी वाचलं, “अर्जदारास तांत्रिक त्रुटींबाबत मार्गदर्शन करावे. मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या प्रकरणी मंजुरी देऊ नये. मंजुरी अन्य अधिकाऱ्याने द्यावी.”

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं.

“म्हणजे बोलायचं?”

“हो साहेब. बोलायचं.”

ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. बराच वेळ आत आले नाहीत. त्याच एकतीस मार्चला साहेब निवृत्त व्हायचे होते. आयुष्यभर ज्याला कुलूप घातलं ते तोंड उघडायची परवानगी आली ती जेमतेम चार महिन्यांसाठी, आणि तीसुद्धा निधी हॉटेलात आणि स्टीलच्या अक्षरांत गेला नाही तर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या साहेबांकडे प्रस्ताव दिला. आमच्या खात्यात प्रस्ताव वीस पानांच्या खाली मान्य होत नाहीत. हा चार ओळींचा होता. ‘ऑफिसच्या मागे एक खोली बांधावी. भिंती जाड, छप्पर हलके. आत नवे यंत्र वाफेवर चालवून पाहावे. फुटले तर चालेल.’

“फुटलं तर चालेल?” मोठे साहेब खुर्चीतून उठले. “साळवे, आपलं खातं कशासाठी आहे? फुटू नये म्हणून!”

“असं बघा साहेब,” साळवे म्हणाले. “आपण लोकांना म्हणतो, हे फुटेल, नामंजूर. तो म्हणतो, नाही फुटत. मग बघायचं कुठं? त्याच्या शेडमध्ये, जिथं शेजारी माणसं काम करतात? नव्या वस्तूला एकदा फुटायला जागा लागते. ती सरकारची असली तर कुणाला इजा होत नाही.”

मोठे साहेब विचार करतो म्हणाले. आमच्याकडे ‘विचार करतो’ म्हणजे नाही. पण साळव्यांनी पिच्छा सोडला नाही. चौदा वर्षांत जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या महिनाभरात बोलले. मोठ्या साहेबांना डब्याच्या वेळी गाठलं, पार्किंगमध्ये गाठलं, त्यांच्या पुतण्याच्या लग्नात अक्षता पडल्यावर गाठलं. शेवटी मोठे साहेब मला म्हणाले, “ओ बाई, त्यांना म्हणावं, बांधा काय बांधायचं ते, पण मला सुखानं जेवू द्या.” खोली झाली. तिचं कागदावरचं नाव ‘प्रायोगिक परीक्षण कक्ष’, पण शिपायापासून सगळे ‘फुटायची खोली’च म्हणायचे.

पहिलं पत्र मनीषाला गेलं. ती आली ती रागातच आली. साहेबांनी तिला खुर्ची दिली आणि बोलायला सुरुवात केली. पाइपचं वळण, भोक, पाणी कसं साचतं, पत्रा कुठला, सांधा कसा. जेवणाची सुट्टी झाली, संपली, साहेब बोलतच होते. मध्ये मनीषा माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारत होती, की हा तोच माणूस का.

चाचणीच्या दिवशी आम्ही सगळे बाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाफेच्या दाबाचा काटा बघत उभे होतो. आत यंत्र, भट्टीच्या धगीऐवजी त्याच्याखाली गॅसची मोठी शेगडी, यंत्रात वाफ, वाफेवर दहा किलो तांदूळ. काटा चढत गेला. झडप वेळेवर उघडली, फुस्स झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या संपायच्या आत ढुम्म असा आवाज झाला. छप्पर वर उचललं गेलं आणि खाली बसलं. खिडकीच्या काचेला आतून भात चिकटला.

मनीषा काचेवरचा भात बघत म्हणाली, “गेलं, साहेब. समदं गेलं.”

साळवे साहेबांचा चेहरा असा खुलला होता की मला वाटलं यांना झटका आला. “अहो, गेलं काय? आलं!” ते म्हणाले. “इथं फुटलं. चाकणला नाही फुटलं. तिथं दोनशे माणसं ताटं घेऊन उभी असती. चला, आत चला, कुठनं फाटलं बघू.” आणि निवृत्तीला दीड महिना राहिलेला हा माणूस भाताच्या चिखलात गुडघे टेकून तिच्याबरोबर पत्र्याचे तुकडे जुळवत बसला. खालच्या सांध्याचं वेल्डिंग कच्चं निघालं. तिनं ते नव्यानं केलं. तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी झाली. झडप उघडली, सांधा टिकला, भात शिजला. शिक्का दुसऱ्या अधिकाऱ्यानं मारला. साहेबांनी आपला शिक्का त्याच्या हवाली आधीच केला होता. तो भात आम्ही सगळ्यांनी आमटीबरोबर खाल्ला, आणि मोठ्या साहेबांनी दुसऱ्यांदा घेतला.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात साहेब एक कापडी पिशवी घेऊन माझ्या टेबलाशी आले. पिशवीत पत्रं होती. वापरलेल्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर, त्यांच्या बारीक अक्षरात. आयुष्यभर ज्या ज्या यंत्राला त्यांनी नाही म्हटलं होतं, त्या त्या माणसाला त्याच दिवशी घरी जाऊन लिहिलेलं पत्र. न पाठवलेलं. ‘भोसले, तुमचा पत्रा जाड होता, उगाच खर्च केलात, रिव्हेट जवळजवळ घ्यायला हवे होते.’ ‘शेख भाई, कल्पना उत्तम होती. पाणी वरून नव्हे, खालून सोडा.’ ‘ताई, तुम्ही रडलात त्याचं वाईट वाटलं. काटा खोटा होता, तुमचं यंत्र नव्हे.’

“कलम सातमध्ये जुन्या अर्जदारांना मार्गदर्शन करू नये असं कुठं म्हटलेलं नाही,” साहेब म्हणाले. “जावक क्रमांक मिळेल का?”

सरकारी खात्यात जावक क्रमांक नसलेला कागद म्हणजे न लिहिलेला कागद. मी त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही. एकेक पत्र वाचत गेले, क्रमांक टाकत गेले, डोळे पुसत गेले. अर्ध्याहून जास्त पत्ते जुने होते आणि ती पत्रं परत येणार, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही.

पिशवीच्या तळाला सगळ्यांत जुना कागद होता. पिवळा पडलेला. श्री. बाळासाहेब साळवे. खाली पिंपरीचा पत्ता खोडून मारुंजीचा घातलेला. आत एवढंच:

‘बाळू, झडप आडवी बसवली होतीस. उभी बसवायची. बाकी सगळं बरोबर होतं. – दादा’

मी वर बघितलं. साहेब समोर येऊन उभे होते.

“धाकटा भाऊ,” ते म्हणाले. “लाँड्रीवाल्यांसाठी वाफेची टाकी बनवली होती त्यानं. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. ऑफिसात तेव्हा तपासनीस एकटाच मी. घरचे म्हणत होते, आता काय, घरचाच साहेब आहे.”

“आणि तुम्ही नामंजूर केलंत.”

“ते करायलाच हवं होतं. आडवी झडप चिकटते.” ते टेबलाच्या कडेला बसले. असं बसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “पण त्या दिवशी तो जेवताना माझ्यासमोर बसला होता, मोरेताई. म्हणाला, दादा, साहेब म्हणून नको, भाऊ म्हणून सांग, काय चुकलं? मी जेवत राहिलो. आमचे वडील कंपनीत कोळसा ओढायचे. आमच्या घरातला, आमच्या आख्ख्या वस्तीतला पहिला साहेब मी. लोक वाटच बघत होते, की हा आपल्याच माणसांचं करतो का. एक बोट उठलं असतं, तर माझ्यामागनं येणाऱ्या पोरांच्या नावानंही लोक तेच म्हणाले असते. म्हणून घरातसुद्धा नियम मोडला नाही. त्यानं लेथ मशीन विकलं. कंत्राटी कामाला लागला. तेव्हापासून आमच्या घरी आला नाही. आई गेली तेव्हा स्मशानात भेटला, तेवढाच.”

मी त्या पत्राला क्रमांक टाकला, पाकीट चिकटवलं आणि बाकीच्या गठ्ठ्यात न टाकता स्वतः पोस्टात जाऊन स्पीड पोस्टनं पाठवलं.

एकतीस मार्चला हार झाले, शाल झाली, मोठे साहेब भाषणात ‘नवोन्मेष’ हा शब्द सहा वेळा म्हणाले. साहेब घरी गेले. त्यांची पाठवलेली पत्रं मात्र परत यायला लागली. ‘पत्त्यावर नाही.’ ‘घर सोडून गेले.’ ‘मयत.’ मी एकेक आवकला नोंदवून कपाटात ठेवत होते. मारुंजीचं पत्र आलं नव्हतं. आलं नाही म्हणजे पोचलं, एवढंच मी स्वतःला सांगायचे.

मग एका मंगळवारी, सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या, एक पंचावन्नीच्या आसपासचा माणूस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. हाफ बाह्यांचा पांढरा शर्ट, तळहाताला काळं तेल. “नव्या यंत्राचा अर्ज इथंच का, ताई?”

मी फॉर्म दिला. त्यानं चष्मा चढवून सावकाश भरला. नाव मी दोनदा वाचलं. बाळासाहेब साळवे. यंत्राचा प्रकार: लाँड्रीसाठी वाफेची टाकी.

“साळवे साहेब तर रिटायर झाले,” मी म्हणाले.

“म्हाईतीय. म्हणून तर आलो.” त्यानं चष्मा काढला. “तो खुर्चीत असता तर मी नसतो आलो, आन् आलो असतो तरी त्याला कुठं बोलता आलं असतं? पत्र वाचलं आन् दुसऱ्या दिवशी सांगवी गाठली. टाकी अजून होती माझ्याकडं, माळ्यावर. महिना झाला, दोघं मिळून करतोय. लई बडबडतो आता. कान किटले.”

फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो, ‘अर्जदारासोबत आलेल्या व्यक्तीचे नाव व नाते’. त्यात त्यानं साहेबांचं पूर्ण नाव लिहिलं होतं आणि पुढं ‘मोठा भाऊ’.

“मग आहेत कुठं साहेब?”

“भायेर टेम्पोत बसलाय टाकी धरून. कवाधरनं म्हणतोय आत चल, तर म्हणतो पास नाही माझ्याकडं. बाहेरचा माणूस आहे म्हणतो मी आता. उन्हात बसलाय येडा.”

मी शिपायाला हाक मारली नाही. ‘अभ्यागत’ छापलेला पास घेतला, त्यावर नाव लिहिलं, शिक्का मारला, आणि तो पास घेऊन स्वतः गेटकडे चालत गेले.